पावसात डोंगरात जाताय? मग भिजणार हे धरूनच कपडे घ्या

पावसाळी ट्रेकच्या कपड्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर भरपूर आले, आणि त्यातल्या निम्म्यांचा मथितार्थ एकच, की ताई, भिजायचं नसेल तर काय घालू? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. भिजणार. वरून पावसाने नाहीतर आतून घामाने, पण भिजणार. आता हे मान्य असेल तर पुढचं वाचा, कारण खालची सगळी उत्तरं तिथूनच सुरू होतात.

प्रश्न: आम्ही ऑफिसमधले काही जण ऑगस्टमध्ये उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडला चाललोय. ट्रेकवाल्यांनी लिस्ट पाठवलीय, त्यात बेस लेअर, मिड लेअर, आऊटर लेअर असं काय काय लिहिलंय. माझ्याकडे स्वेटर सोडा, साधी शालही नाही, सगळे कॉटनचे टी-शर्ट आणि दोन जीन्स. दुकानात जाऊन आलो तर सगळं मिळून पगार साफ होईल असं दिसतंय. नक्की काय घेऊ आणि काय नको? (प्रभादेवीहून एक वाचक)

लिस्ट बघून घाबरू नका. कुणी काही विसरलं तर शिव्या आपल्यालाच बसणार म्हणून लिस्ट बनवणारा सगळंच लिहून ठेवतो.

आधी थंडी किती ते बघू. ढगाळ ओल्या हवेत दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण 5 ते 6 अंशांनी उतरतं. घांघरिया, जिथे तुमचा मुक्काम असेल, ते 3000 मीटरच्या आसपास आणि हेमकुंड चार हजारांच्या वर. म्हणजे मुंबईत 27-28 असेल तेव्हा घांघरियाला 10-12 धरा आणि हेमकुंडला एक आकडी, वर पाऊस आणि वारा. तुम्ही म्हणाल एवढंच ना, लोक बर्फात जातात. पण बर्फात माणूस बहुतेक वेळ कोरडा असतो, इथे ओला असतो, आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या 25 पट वेगाने ओढून नेतं. त्यामुळे उणे पाच अंशात मजेत फिरलेला माणूसही आठ अंशाच्या पावसात कुडकुडतो.

आता लेअर. अंगाला चिकटून असतो तो बेस लेअर, आणि त्याच्याकडून उबेची अपेक्षा करायचीच नाही, घाम कातडीवरून उचलायचा आणि बाहेर सोडायचा एवढंच त्याचं काम. कॉटन इथेच मार खातं, ते पाणी पितं आणि धरून बसतं, मग तुम्ही चहाला थांबलात की पाठीला बर्फाची लादी लावल्यासारखं होतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. त्यामुळे मॅरेथॉनला नाहीतर ऑफिसच्या स्पोर्ट्स डेला फुकट मिळालेले ते सुळसुळीत टी-शर्ट असतात ना, जे कपाटाच्या तळाशी पडलेले असतात, ते काढा. झाला बेस लेअर, शून्य रुपयात. पूर्ण बाह्यांचा एक मिळाला तर उत्तम. पैसे असतील तर मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा घ्या, लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही आणि चार दिवस घातली तरी वास मारत नाही, पण महाग आहे आणि त्यावाचून काही अडत नाही.

मधला लेअर उबेचा. इथे फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचं मऊ लवदार कापड, त्याचं घ्या आणि एक जाड घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या. फ्लीसवर 100, 200 असे आकडे असतात, ते एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तुम्हाला 100 चा एक आणि 200 चा एक पुरे. चढावर एकही नको असतो, सपाटीवर पातळ पुरतो, थांबलं की दोन्ही, असं आलटूनपालटून करता येतं, जाड एकच असेल तर एक तर उकडतं नाहीतर गारठतं. फ्लीस बुडवून पिळलं आणि दोनदा झटकलं की बरंच पाणी जातं आणि उरलेलं ओलं असतानाही ते थोडीफार ऊब देतं. आणि हे लेअर वगैरे फॅड अजिबात नवीन नाही बरं का, 1924 साली जॉर्ज मॅलरी हा ब्रिटिश गिर्यारोहक एव्हरेस्टवर गेला तेव्हा त्याच्या अंगावर रेशमी, सुती आणि लोकरीचे पातळ कपडे एकावर एक होते आणि वर गॅबर्डीन या घट्ट विणीच्या कापडाचं जॅकेट.

बाहेरचा लेअर म्हणजे रेनजॅकेट, टोपीवालं. दुकानात ते उलटं करा आणि आतल्या शिवणींवरून बोट फिरवा, प्रत्येक शिवणीवर चिकटवलेली पट्टी लागली पाहिजे, नसेल तर कापड कितीही भारी असो, सुईच्या भोकातून पाणी येणार. मग आत दोन्ही फ्लीस चढवून ते घालून बघा (दुकानात एसी असतो, लाजू नका), दोन्ही हात वर करा, कंबर उघडी पडत असेल तर एक साईज मोठी घ्या. टोपी घालून मान डावीउजवीकडे वळवा, टोपी मानेबरोबर वळते का तुम्ही टोपीच्या आतच बघत बसता? हे बघितलं नाही तर वाटेवर बाजूने येणारं खेचर दिसत नाही, आणि घांघरियाच्या वाटेवर खेचरं भरपूर. काखेत झिप असेल तर सोन्याहून पिवळं. लेबलवर 10,000 नाहीतर 20,000 मिलीमीटर असा आकडा असतो, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसतं, तुम्हाला 10,000 वालं चालेल.

जीन्स घरी. भिजलेली जीन्स वाळत नाही, जड होते, मांड्या सोलते, आणि पाय उचलताना गुडघ्याला अडकते. नायलॉनची ट्रेकपँट एक, वरून घालायची रेनपँट एक. पायात लोकरीचे मोजे, चालायचे दोन जोड आणि झोपायचा एक.

हा झोपायचा जोड म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एक टी-शर्ट, एक थर्मल पँट, एक मोज्यांचा जोड, एक कानटोपी, हे जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड पिळून बांधून सॅकच्या तळाशी. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, ते पाठीच्या बाजूने उघडंच असतं आणि पाणी पट्ट्यांवरून ओघळत आत जातं, आतून अख्ख्या सॅकला प्लास्टिक लावा. मुक्कामाला पोचलं की ओलं सगळं काढायचं आणि हा जोड घालायचा. आणि आता जीवावर येणारा भाग. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस असेल तर हा जोड परत पिशवीत आणि कालचे ओले, गार, चिकट कपडे परत अंगावर. हो, ओलेच. घांघरियाच्या लॉजमध्ये पावसाळ्यात काही वाळत नाही, ब्लँकेटंसुद्धा दमट असतात. कोरडे घालून निघालात तर अर्ध्या तासात तेही भिजणार आणि रात्री हातात काहीच उरणार नाही. ओला टी-शर्ट चढवताना पाच मिनिटं जीव जातो, चालायला लागलं की अंगाच्या उष्णतेने तो कोमट होतो. व्हॅलीत रात्री राहू देत नाहीत, हेमकुंडहूनही त्याच दिवशी उतरायचं असतं, म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही खोलीवर परत येणार, हा हिशोब तुमच्या बाजूने आहे.

निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. खोलीतून सगळं चढवून उबदार निघालात तर पहिल्या चढावरच घामाने आतून चिंब, आणि घामाचं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा काही वेगळं वागत नाही. हेमकुंडचा चढ हजार मीटरपेक्षा जास्त आहे आणि दम काढतो, तिथे टी-शर्ट आणि वर उघड्या झिपचं जॅकेट एवढ्यावर चढा. वर पोचलात की गार वाटायची वाट न बघता आधी फ्लीस घाला, मग दर्शन, मग गुरुद्वारात चहा आणि खिचडी मिळते ती दोन वेळा घ्या.

पैसे कमी असतील तर आधी मोजे, मग पातळ फ्लीस, मग जॅकेट. रेनपँट आणि काठ्या भाड्याने मिळतात.

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजच्या ग्रुपबरोबर जुलैत रात्री कळसूबाई चढणार आहे. मी त्याला त्याच्या आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर नेच म्हणतेय, तो म्हणतो आई पावसाळ्यात स्वेटर कोण नेतं, लोक हसतील. त्याला तुम्हीच सांगा. (डोंबिवलीहून एक आई)

सांगते, पण थोडं तुम्हालाही सांगते.

आजीचा स्वेटर चांगलाच असणार आणि लोकर ओली झाली तरी ऊब धरते हे शंभर टक्के खरं. आपल्या मेंढपाळांना विचारा, धनगराची घोंगडी पावसात भिजून दुप्पट जड होते तरी तो तीच डोक्यावरून खोळ करून माळावर उभा असतो, कारण जाडभरड दख्खनी लोकर, घट्ट विणलेली, वरून चिंचोक्याची खळ दिलेली, पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि शिरलं तरी वारा लागत नाही. पण घोंगडी घालून कळसूबाईच्या शिड्या चढायच्या नसतात. हाताने विणलेला स्वेटर सैल विणीचा असतो, त्यातून वारा आरपार, आणि एकदा भिजला की बाह्या ओढणीसारख्या लांबत जातात. म्हणून स्वेटर न्यायचा, पण घालून चढायचं नाही. पिशवीत बांधून सॅकमध्ये, आणि खाली पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर पोहे खाताना घालायचा. वर माथ्यावर बसून सूर्योदयाची वाट बघायची असेल तर तिथेही, पण वरून रेनकोट हवा.

कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे कसाऱ्याला लोकलमधून उतरताना घामाघूम असलेली पोरं पहाटे माथ्यावर 17-18 अंशात, भर वाऱ्यात, भिजलेल्या कॉटन टी-शर्टमध्ये उभी असतात. 17 अंश ऐकायला काहीच वाटत नाही, मुंबईत एसी त्याहून थोडाच वर असतो, पण ओल्या कपड्यांनी जोराच्या एसीखाली दोन तास उभं राहून दाखवा म्हणावं. किंवा खरंच करा. त्याने जे कपडे न्यायचे ठरवलेत ते बाथरूममध्ये भिजवायचे, पिळायचे, अंगात घालायचे आणि फुल स्पीड पंख्याखाली अर्धा तास मोबाईल बघत बसायचं. तुमच्या बोलण्यापेक्षा त्या पंख्याचं तो जास्त ऐकेल.

हसणाऱ्यांचं म्हणाल तर पहाटे वर सगळ्यात आधी तेच विचारतात, एक्स्ट्रा काही आणलंयस का रे.

प्रश्न: मोठ्या हौसेने वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल लिहिलेलं महागडं जॅकेट घेतलं. राजमाचीला घालून गेलो तर तासाभरात आतून ओलाचिंब, साध्या प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये होतो तसाच. दुकानदार म्हणतो जॅकेट बरोबर आहे. मला गंडवलंय का? (ठाण्याहून एक वाचक)

बहुतेक नाही. जॅकेट चांगलं आहे, जागा चुकली.

या जॅकेटच्या कापडात एक पातळ पडदा असतो. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार 1969 साली बॉब गोर यांच्या हाती लागला, टेफ्लॉनच्याच जातीचा पदार्थ झटक्यात ताणला तर त्याला अतिसूक्ष्म भोकं पडतात, पाण्याच्या थेंबाला ती फार लहान आणि वाफेला भरपूर मोठी. म्हणजे पाऊस आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत गरम आणि दमट, बाहेर गार आणि कोरडं, असा फरक असेल तरच ती ढकलली जाते. जुलैत राजमाचीला बाहेर 23-24 अंश आणि ढगातच चालायचं म्हणजे दमटपणा शंभराच्या घरात, आतही तेच बाहेरही तेच, वाफ जाणार कुठे? तिथे जगातलं कुठलंही जॅकेट हेच करेल. तेच जॅकेट घांघरियाला 10-12 अंशात पुष्कळ बरं वागेल.

दुसरं एक तपासा. नळाखाली बाही धरा. पाणी थेंबाथेंबाने मोत्यासारखं घरंगळलं तर ठीक, पण कापड गडद होऊन पाणी पसरायला लागलं तर वरचं पाणी झटकणारं कोटिंग झिजलंय, मग वरचं कापडच भिजून बसतं आणि आतली वाफ पूर्ण अडते. कोटिंग परत जागं करता येतं, ते शेवटच्या प्रश्नात सांगितलंय.

सह्याद्रीत आपल्या बाजूला, म्हणजे पेब, राजमाची, लोहगड, अंधारबन अशा ठिकाणी माझं मत विचाराल तर वारा नसेल तेव्हा सरळ छत्री. ट्रेकर लोक नाकं मुरडतात, मुरडू देत, डोकं आणि खांदे कोरडे राहतात आणि अंगाला हवा लागते. भात लावणाऱ्या बायका पाठीवर इरलं घेतात ते बघितलंय ना, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, वरून पाऊस अडवतं, खालून सगळं मोकळं, वाकून दिवसभर काम केलं तरी आत उबट कोंदट होत नाही. पॉन्चो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, त्याच्या जवळ जातो, सॅकसकट झाकतो आणि खालून वारा खेळतो, फक्त कड्याच्या कडेला आणि शिडीवर तो नको, पायात येतो आणि वाऱ्याने डोक्यावर उडतो. हरिहरच्या पायऱ्यांवर पॉन्चो घातलेला माणूस दिसला की माझ्याच पोटात गोळा येतो.

आणि चढताना सरळ भिजा. ड्रायफिट, म्हणजे त्या सुळसुळीत पॉलिएस्टरच्या टी-शर्टमध्ये मस्त भिजत चढायचं, जॅकेट सॅकमध्ये कोरडं ठेवायचं, माथ्यावर वारा सुरू झाला की काढायचं. जॅकेट सॅकमध्ये असताना पैसे वाया गेले असं वाटतं खरं, पण वाऱ्यात थांबायची वेळ येते तेव्हाच त्याची खरी गरज असते.

प्रश्न: जरा संकोचाने विचारतेय. पावसाळी ट्रेकला गेलं की वरचे कपडे बदलले तरी छातीशी गारवा तसाच राहतो आणि पुढे दोन दिवस खोकला. शिवाय ग्रुपमध्ये बदलायला आडोसा नसतो. काय करता येईल? (विलेपार्ल्याहून एक वाचक)

संकोच कशाला, हे कुठल्याच लिस्टमध्ये नसतं म्हणून तर विचारायला हवं. असा खोकला बहुतेक वेळा विषाणूने होतो, नुसत्या गारव्याने नाही, पण गारवा मात्र खरा आहे आणि त्याचं कारण बहुतेक कॉटनची पॅडवाली ब्रा. ते पॅड म्हणजे स्पंजच, दिवसभर पाणी धरून ठेवतो आणि तुम्ही वरून कितीही भारी फ्लीस घातलं तरी ते ओलं फडकं छातीला लागलेलंच. पॅड नसलेली, पॉलिएस्टर किंवा नायलॉनची स्पोर्ट्स ब्रा घ्या, पॅड काढता येत असतील तर काढून टाका. खालीही कॉटन नको, लेगिंग्जच्या आत ओलं कॉटन राहिलं की मांड्यांना काचतं आणि पुरळ उठतं. कोरड्या जोडात यातलं एकेक हवंच.

आडोशासाठी पॉन्चो. तो घालायचा, हात आत ओढून घ्यायचे आणि आतल्या आत सगळं बदलायचं, घरी दोनदा करून बघा म्हणजे ट्रेकला गोंधळ होत नाही. बदलायची ब्रा पुढून उघडणारी असली तर फार सोपं, कारण ओल्या अंगावर डोक्यावरून घट्ट इलॅस्टिक ओढणं म्हणजे कुस्ती. आणि पांढरा, फिकट पिवळा टी-शर्ट पावसात टाळा, का ते सांगायला नको.

प्रश्न: जुलैत हिमाचलमधल्या हामटा पासला जातोय. मार्केटमध्ये एक जण डाऊन जॅकेट म्हणून मस्त फुगलेलं जॅकेट स्वस्तात देतोय. घेऊ का? (बोरिवलीहून एक वाचक)

खरं डाऊन म्हणजे बदकाचं नाहीतर हंसाचं मऊ पीस, वजनाला हलकं आणि कोरड्या थंडीत त्याच्यासारखं काही नाही, पण भिजलं की पिसांचा लगदा होतो, फुगवटा जातो आणि ऊबही जाते. हामटाला तुम्ही 4200 मीटरच्या वर जाता, पण कुल्लूच्या बाजूने चढताना पाऊस असतोच, पास ओलांडून लाहौलमध्ये उतरलं की एकदम कोरडं उजाड. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस डाऊनला जपावं लागणार.

आता गंमत अशी, की स्वस्तातलं ते फुगलेलं जॅकेट बहुतेक डाऊनचं नसणारच, आत पॉलिएस्टरचा कापूस असेल. आतलं लेबल वाचा, डाऊन असेल तर 80/20 किंवा 90/10 असं लिहिलेलं असतं (पहिला आकडा मऊ पिसाचे टक्के, दुसरा काडीवाल्या पिसांचे), आणि चिमटीत दाबलं तर बारीक काड्या टोचतात. नुसताच मऊ कापूस लागला तर ते डाऊन नाही, आणि पावसाळी ट्रेकला तेच जास्त बरं, कारण ओलं झालं तरी पूर्ण बसत नाही. फक्त डाऊनचा भाव देऊ नका. मुक्कामी तंबूत घालायचं, त्यात चालायचं नाही.

प्रश्न: वय 66, रोज चौपाटीवर चालतो, तब्येत ठीक. मुलांबरोबर पावसाळ्यात भंडारदरा, रतनगड करायचा आहे. हल्ली हातपाय लवकर गार पडतात. जास्त कपडे घातले की झालं ना? सून म्हणते हायपोथर्मिया होतो. सह्याद्रीत कुठला हायपोथर्मिया! (गिरगावातून एक आजोबा)

आजोबा, जरूर जा, पण यावेळी सूनबाईंचं ऐका.

शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही, ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामं पोट एवढं जमलं की सह्याद्रीतही पुरतं. वय वाढलं की शरीर उष्णता बनवायला आणि थंडी ओळखायला दोन्हीला मंद होतं, म्हणून तुम्हाला इतरांच्या आधी जपायला हवं. बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

मुलांना हे सांगून ठेवा. आधी माणूस थरथरतो, मग चिडचिड करतो, बोलणं जड होतं, जॅकेटची झिप लावता येत नाही, पाय अडखळतात. "मला काही होत नाहीये, चला पुढे" असं तो स्वतःच म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. अंगठा करंगळीला लावून दाखवा म्हणायचं, जमलं नाही तर थांबायचं. वाऱ्याच्या आड न्यायचं, ओले कपडे पूर्ण काढायचे, कोरडे घालायचे, खाली सॅक किंवा मॅट टाकून बसवायचं कारण ओला खडक खालून ऊब ओढतो, टोपी घालायची, आणि शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर गरम गोड पाणी किंवा चहा. हातपाय चोळायचे नाहीत, आणि ब्रँडी वगैरे तर अजिबात नाही, दारूने कातडीला गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर पळते. थरथर थांबली पण माणूस गुंगीत गेला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, उलट गंभीर आहे, त्याला कमीत कमी हलवायचं आणि लगेच 112 किंवा 108 ला फोन.

जास्त कपड्यांनी काम होत नाही, घाम येतो. तुमचं काम डोकं, मान आणि हात झाकण्याने होईल. माकडटोपी घ्या, नातवंडं फोटो काढून चिडवतील, चिडवू देत, कान, मान, हनुवटी एका फटक्यात झाकणारी तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, फक्त लोकरीची किंवा ॲक्रिलिकची, कॉटनची नको. हातात लोकरीचे हातमोजे आणि त्यावर भांडी घासायचे रबरी हातमोजे, एक साईज मोठे. दिसायला विनोदी, पण पाणी आणि वारा दोन्ही बंद, आणि महागड्या वॉटरप्रूफ हातमोज्यांपेक्षा पुष्कळदा बरे. रतनगडाच्या शिडीवर मात्र रबरी काढा, ओल्या लोखंडावर पकड स्वतःच्या बोटांची हवी. खिशात चिक्की ठेवा आणि तासाला एक तुकडा खा, भूक नसली तरी.

प्रश्न: पावसाळ्यात ट्रेकहून आलं की जॅकेट आणि ड्रायफिट कपड्यांना जो वास येतो तो तीनदा धुऊनही जात नाही. चाळीत वाळवायला गॅलरीतली एक दोरी. उपाय? (लालबागहून एक वाचक)

कपडे ओले सॅकमध्ये रात्रभर ठेवलेत तर तो वास येणारच. कितीही दमला असाल तरी आल्या आल्या बादलीत. पॉलिएस्टरचा वास घामाच्या तेलकटपणावर वाढणाऱ्या जंतूंचा असतो, म्हणून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मग कमी साबणात धुवा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड या कपड्यांना आणि जॅकेटला कधीच नको, त्याचा थर बसतो आणि घाम उचलायचं कामच बंद पडतं.

जॅकेट सगळ्या झिप लावून, लिक्विड साबणाने, हाताने धुवा आणि दोनदा खळबळून काढा, पिळू नका. दोरीवर टाकण्याऐवजी हँगरला लावून पंख्याखाली, बाह्या पसरून. पूर्ण वाळलं की लेबलवर इस्त्री चालते असं चिन्ह असेल तर वर पातळ सुती कापड टाकून अगदी कमी गरम इस्त्री फिरवा, त्या उष्णतेने वरचं पाणी झटकणारं कोटिंग परत जागं होतं. खालच्या इस्त्रीवाल्याकडे मात्र देऊ नका, त्याच्या कोळशाच्या इस्त्रीला कमी गरम हा प्रकार माहीत नसतो. नळाखाली धरून बघा, थेंब घरंगळत नसतील तर कोटिंगचा स्प्रे मिळतो तो मारा.

आणि पाऊस संपला की जॅकेट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकू नका. मुंबईच्या दमटपणात आतला पातळ थर हळूहळू चिकट होतो आणि पुढच्या जूनमध्ये उघडलं तर त्याचे पांढरे पापुद्रे टी-शर्टला चिकटतात, ते दुरुस्त होत नाही. कपाटात हँगरला मोकळं लटकवा, जागा नसेल तर दाराच्या मागच्या खिळ्याला.